खंडेनवमीचं तेल

लॅपटॉपला दोन मॉनिटर जोडायचे, त्यात काय एवढं, असं नवललाही आधी वाटलं होतं. एक वायर इकडे खुपसायची, एक तिकडे, की झालं. कसलं झालं! त्या एवढ्याशा कामाने शिंदखेड्याच्या या चाळिशीतल्या माणसाचा सव्वा महिना खाल्ला.

नवल पुण्यातल्या एका कंपनीत नकाशांचं काम करायचा. परदेशातल्या कुठल्याशा वीज कंपनीचे खांब. एका पडद्यावर जुना नकाशा उघडायचा, दुसऱ्यावर विमानातून काढलेला फोटो, आणि तिसऱ्यावर, म्हणजे लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर, लिहायचं: खांब आहे, खांब नाही, खांब कलला आहे. दिवसाला चारशे खांब. हेच एका पडद्यावर करायला गेलं तर शंभरही होत नाहीत, आणि चुका होतात त्या वेगळ्याच. म्हणून कंपनीचा नियम होता की घरून काम करणाऱ्याकडे लॅपटॉपशिवाय दोन मोठे मॉनिटर पाहिजेत, ते वेगळ्या खोलीत पाहिजेत, आणि त्या खोलीत दुसऱ्या कोणी पाय ठेवायला नको.

आता तुम्ही म्हणाल, एवढी कटकट असेल तर जावं की पुण्याला, बसावं ऑफिसात. तेच तर त्याला जमत नव्हतं. घरी आबा होते.

आबा म्हणजे नवलचे वडील, भटू मिस्तरी. कापसाच्या जिनिंग मिलमध्ये बत्तीस वर्षं फिटर. हंगामात जेवायला बसलेले असताना लांबून एखादं बेअरिंग कुरकुरलेलं ऐकू आलं तरी भरल्या ताटावरून उठायचे. कोरडं यंत्र त्यांना सहन व्हायचं नाही. लांब चोचीची तेलाची कुपी कायम खिशात, त्यामुळे त्यांच्या एकूण एक पैरणींना उजव्या बाजूला काळा डाग. "कोरडं मशीन बोंबलस, मंग तुटस," हे त्यांचं पालुपद. घरातला झोका, दाराची बिजागरी, शेजाऱ्यांची सायकल, काही म्हणून वाजलं की हे कुपी घेऊन हजर. नवलची आई झुंबरबाई वैतागायची, म्हणायची, माझे गुडघे वाजतात तेवढे मात्र यांना ऐकू येत नाहीत.

झुंबरबाई तीन वर्षांपूर्वी गेली आणि आबांचं डोकं तिच्या मागोमाग निघालं. आधी वस्तू विसरले, मग वार, मग गल्ली. गेल्या दसऱ्यापासून त्यांनी नवलला नावाने हाक मारलेली नव्हती. तो समोर आला की म्हातारा अदबीने सरकून जागा द्यायचा आणि विचारायचा, "तुम्ही कोना शेतस, भाऊ?" तुम्ही कोणाचे, म्हणून. रोज. पोटच्या पोराला. "आबा, मी नवल शे, तुमना नवल," असं पहिले दोनतीन महिने त्याने सांगून पाहिलं. मग नुसतं "इथलाच शे" म्हणायला लागला.

आबांना पुण्याला नेऊनही पाहिलं. चौथ्या दिवशी फ्लॅटमधून निघाले ते दोन दिवसांनी सापडले, एका गॅरेजच्या दारात, अनवाणी, ओठ फुटलेले. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, आता यांची जागा बदलू नका, या घरात यांच्या पायांना अजून वाट माहीत आहे. सांभाळायला बाई ठेवून पाहिली. तिचा जरा डोळा लागला आणि आबा रेल्वेच्या रुळांवर. नवलची बायको रूपा बेटावदजवळच्या शाळेत कंत्राटी शिक्षिका. नऊला जायची ती सहाला यायची, आणि घरी बसली असती तर दुसऱ्या दिवशी तिच्या जागेवर दुसरी कोणी आली असती. बहीण ताईबाई साक्रीला, तिच्याकडे तिचीच सासू अंथरुणाला खिळलेली. म्हणजे फिरून फिरून नवलवर आलं. नवल घरी राहिला तर आबा घरी राहतील. नाहीतर धुळ्याला अशा म्हाताऱ्यांना सांभाळणारी एक संस्था होती.

संस्था वाईट नव्हती हो. झाडलोट स्वच्छ, नर्सबाई, अंगणात बाक. पण माणसं वाट चुकून निघून जातात म्हणून गेटाला कायम कडी, ती बाहेरून, गजांतून हात घालून लावायची. ती सरकवली की असा आवाज यायचा की दात शिवशिवावेत. नवल एकदा जाऊन बघून आला आणि त्यानंतर चार दिवस त्याला घास गिळवेना. कानात ती कडीच वाजत राहिली.

कंपनीत त्याच्या टीमची प्रमुख मेघा मॅडम. वयाने त्याच्यापेक्षा लहान, पण मायेची. तिने वरच्या लोकांशी भांडून त्याला घरून काम करायची तीन महिन्यांची परवानगी मिळवून दिली. त्यात अट एकच. एक ऑक्टोबरला सकाळी दहा वाजता व्हिडिओवर तपासणी होणार. तिन्ही पडदे चालू दिसले, खोली बंद दिसली, तर परवानगी कायमची. नाही तर पुणे.

म्हणून ते मॉनिटर. आणि म्हणून तो सव्वा महिना.

लॅपटॉप कंपनीचा, पापडासारखा पातळ, त्याच्या कडेला दोन बारीक भोकं. एकात चार्जर, राहिलं एक. मॉनिटर दोन आणि भोक एक, आता करा काय करायचं ते! नवलने आधी धुळ्याहून एक दुतोंडी वायर आणली. लावली, आणि दोन्ही मॉनिटर झक्क उजळले. रूपाला पोळ्या टाकून बोलावून आणलं. बघतात तर दोन्हींवर एकच चित्र. इकडे माऊस हलवला की तिकडेही हलतो. "जुळी झाली की हो," रूपा म्हणाली आणि पोळी करपली म्हणून पळाली. मग त्याने एक डबी मागवली, तिने एक मॉनिटर पेटायचा आणि दुसरा 'सिग्नल नाही' असं लिहून गप्प बसायचा. शेवटी त्याने जळगाव गाठलं. तिथे हितेंद्र म्हणून ओळखीतला एक कॉम्प्युटर दुरुस्त करणारा होता.

"नवलभाऊ, दुतोंडी वायर आहे तेच चित्र दोघांना वाटते," हितेंद्र म्हणाला. "तुम्हाला वेगवेगळी चित्रं पाहिजेत. हे घ्या, डॉक म्हणतात याला." विटेएवढा डबा, त्याला स्वतःचं लाईटचं कनेक्शन, पाठीला भोकांची रांग. लॅपटॉपच्या त्या एका भोकातून वायर या डब्यात यायची आणि डब्यातून दोन वायरी दोन मॉनिटरला जायच्या. नवल मोठ्या हौसेने घेऊन आला. घरी लावला, तर ढिम्म. तीन दिवस झटापट केली. चौथ्या दिवशी फोनवर हितेंद्रने विचारलं, "केबल कोणती लावलीय?"

"चार्जरची. तशीच तर दिसते."

"अहो दिसते तशीच! ती नुसती वीज नेते, चित्र नाही नेत. कपाळ माझं. उद्याच्या बसने पाठवतो."

केबल आली. मग सेटिंगमध्ये जाऊन चित्र 'डुप्लिकेट'चं 'एक्स्टेंड' केलं. मग डावा मॉनिटर उजवीकडे आणि उजवा डावीकडे निघाला, तेही सरळ केलं. आणि एका दुपारी माऊसचा बाण डाव्या मॉनिटरवरून चालत चालत लॅपटॉपवर आला आणि तिथून उजव्या मॉनिटरवर गेला. तीन पडदे, तीन चित्रं. नवल खुर्चीत मागे टेकला आणि त्याचे डोळे भरून आले. कोणाला सांगितलं तर हसतील, पण त्याला वाटलं, आबा राहिले.

आबा दारात उभेच होते. "काय शे हाई?"

"मनी मशीन शे, आबा." माझं मशीन.

आबांनी मान तिरकी केली. दोन मॉनिटर ओढायला लागल्यापासून लॅपटॉपचा पंखा सारखा घरघरायचा. आबा बराच वेळ ऐकत राहिले. मग कपाळाला आठी घालून म्हणाले, "वाजी ऱ्हायनी. कोरडी शे." वाजतेय, कोरडी आहे, म्हणून. नवल हसला. त्याने त्यांना हाताला धरून ओट्यावर नेऊन बसवलं आणि विसरून गेला.

तपासणीचा दिवस नेमका खंडेनवमीचा निघाला. पुण्याच्या कंपनीच्या आणि तिच्या परदेशी गिऱ्हाइकाच्या कॅलेंडरात असलं काही नसतं, पण आपल्याकडे त्या दिवशी औजार पूजतात. विळी, कोयता, पाना, पकड, ट्रॅक्टर असेल तर ट्रॅक्टर. धुवायचं, तेल द्यायचं, हळदकुंकू लावायचं, फूल वाहायचं. भटू मिस्तरींचा तर हा दिवाळीपेक्षा मोठा सण. पूर्वी जिनिंगमधल्या सगळ्या यंत्रांना त्या दिवशी ते स्वतः तेल देत, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत, आणि मगच पूजा. नवल लहान असताना त्यांच्यामागे ताट धरून फिरायचा.

रूपाने सकाळीच ताट तयार केलं. वाटीत कुंकू कालवलं, झेंडूची फुलं ठेवली, आपल्या स्कूटीला आणि विळीला बोट लावलं. नवलने आबांची हत्यारांची पेटी ओट्यावर आणून ठेवली, शेजारी ताट ठेवलं, हातात भरलेली कुपी दिली. दोन तास गुंतून राहतील, तोवर आपली तपासणी आटपेल, असा त्याचा हिशोब. "आबा, आज खंडेनवमी शे," तो म्हणाला. "बठ्ठास्ले तेल द्या." सगळ्यांना तेल द्या. बोलून गेला आपला, घाईघाईत.

आबांनी कुपी हातात घेतली आणि त्यांचा चेहरा बदलला. महिनोन् महिने सैल पडलेला जबडा आवळला गेला. पेटीतला पाना त्यांनी उजेडात धरून पाहिला आणि फडक्याने पुसायला घेतला.

"बघा ना, किती शहाण्यासारखे बसलेत," रूपा म्हणाली. स्कूटीला किक मारताना ती परत ओरडली, "दहाला फोन करू नका मला, मीच देवाचं नाव घेत बसणार आहे." आणि गेली.

सव्वानऊला नवलने लॅपटॉप सुरू केला. तिन्ही पडदे पेटले. नकाशा, फोटो, खांबांची यादी, सगळं जागच्या जागी. त्याने खोलीचं दार ओढून घेतलं. कडी लावली नाही. दहा मिनिटांचा तर प्रश्न, आंघोळ करून येतो, दाढी करतो, नीट शर्ट घालतो, परीक्षेला बसायचं तर माणसासारखं बसावं. नंतर त्याने स्वतःला हजार वेळा विचारलं, एक कडी लावायला किती वेळ लागतो?

न्हाणीतून आला तर घरात वास. लहानपणी बापाच्या कपड्यांना यायचा तो, मशीनच्या तेलाचा. तो ओल्या अंगानेच खोलीकडे धावला.

दोन्ही मॉनिटरच्या कपाळावर पाच पाच बोटं कुंकवाची ओढलेली. वर झेंडू. लॅपटॉपच्या बटणांवर तेलाची तकाकी. कडेच्या दोन्ही भोकांत वायरींच्या फटीतून तेल सोडलेलं आणि तोंडाशी ओलं कुंकू भरलेलं. डॉकच्या पाठीमागची रांगच्या रांग भरलेली. जिथून वारा यायचा त्या पंख्याच्या जाळीतही तेल. एक भोक सुटलं नव्हतं. फिटरचं काम होतं ते, अर्धवट कसं असेल? आणि भटू मिस्तरी हात जोडून, डोळे मिटून समोर उभे.

"आबा! तुम्ही हाई काय करं?"

एवढ्या मोठ्याने तो बापावर आयुष्यात ओरडला नव्हता. आबा दचकले, भिंतीला टेकले, हातातली कुपी छातीशी धरली. काहीतरी चुकलं एवढं त्यांना कळलं असावं, काय चुकलं ते नाही. उजवा मॉनिटर काळा झालेला होता. डावा उघडझाप करत होता. लॅपटॉप अजून चालू होता.

नवलने टॉवेल ओढला, पुसायला लागला. काडीला कापूस गुंडाळून भोकात घातला, लाल होऊन बाहेर आला. दुसरा घातला. दुसऱ्या हाताने हितेंद्रला फोन लावला. तिकडेही दुकानात पूजा चालली होती, घंटी ऐकू येत होती.

"बंद कर!" हितेंद्र ओरडला. अहोजाहो विसरला. "आधी चार्जर काढ, बंद कर!"

चार्जरपर्यंत हात पोचला तोवर आत कुठेतरी बारीकसं चर्र झालं. लॅपटॉपचा पडदा मिटला. पंख्याची घरघर थांबली. करपल्याचा वास तेवढा आला.

"नुसतं तेल असतं तर एकवेळ वाचलाही असता," हितेंद्र हळू आवाजात म्हणाला. "कुंकू ओलं होतं ना? मग गेला तो, नवलभाऊ. आता उघडूनही उपयोग नाही."

घड्याळात नऊ पन्नास. नवल खुर्चीवर बसला. दहा मिनिटांत काय करता येतं? शिंदखेड्यात त्या घडीला दुसरा लॅपटॉप कुठून आणायचा? आणि आणला तरी कंपनीचं काम कंपनीच्याच लॅपटॉपवर चालायचं. कुंकू पुसलेल्या टॉवेलकडे तो बघत बसला.

दहाला मोबाईलवरच कॉल घेतला. एका चौकटीत मेघा मॅडम, दुसऱ्या चौकटीत तपासणीचे साहेब, चष्मा, गळ्यात ओळखपत्र, समोर कागद. मागे नुसती भिंत दिसेल असा मोबाईल त्याने धरला होता. मॉनिटर दाखवायची हिंमत नव्हती.

"नवल सर, लॅपटॉपवरून नाही आलात?" मेघाने विचारलं.

"मॅडम, लॅपटॉप बंद पडलाय."

"आत्ता?"

"आत्ताच. दहा मिनिटं झाली."

मेघा एकेक शब्द ठेवून बोलली, "लाईटचं काही झालं का? म्हणजे झटका वगैरे? तिकडे होतं तसं, मला माहीत आहे. लाईटमुळे झालं असेल तर त्यात तुमचा दोष नाही. मी नवा लॅपटॉप पाठवते आणि तपासणी आठवडाभर पुढे घेते. हो ना, सर?"

साहेबांनी मान हलवली. "लाईटमुळे असेल तर हरकत नाही. तसं लिहू."

दोर टाकला होता पोरीने. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. नवलने तोंड उघडलं.

आणि मागून आबा आले. गडबडीत त्यांना ओट्यावर नेऊन बसवायचं राहिलंच होतं ना. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मोबाईलमध्ये वाकून पाहिलं, आणि जिनिंगच्या मालकाला पाहुण्यांसमोर सांगावं तशा ठणठणीत आवाजात बोलले:

"हाऊ मना नवल शे. मना आंडोर. याना मशीनस्ले मीच तेल दिधं. बठ्ठास्ले दिधं. एक बी कोरडी ठेवी नही."

नवलने मान वळवून बघितलं. म्हाताऱ्याचे डोळे स्वच्छ होते. नवललाच बघत होते. कुंकवाने लाल झालेला अंगठा वर करून त्यांनी तो नवलच्या कपाळाला लावला आणि हसले, झुंबरबाई जिवंत असताना हसायचे तसे.

"ते काय म्हणतायत?" साहेबांनी विचारलं. पुण्याचा माणूस, त्याला अहिराणी कुठून कळणार? मेघालाही कळलं नव्हतं.

बघा आता. अजूनही सुटता येत होतं. म्हणायचं, काही नाही, घरचे म्हातारे आहेत, लाईट गेली म्हणून सांगतायत. कोण पडताळायला येणार होतं? पण ज्या शब्दांसाठी माणूस वर्षभर झुरला, ते शब्द आत्ता आले होते, आणि ते खोटे करून सांगायला त्याची जीभ वळेना. त्याला ते कोणाला तरी सांगायचेच होते, मोठ्याने, मग समोर कोणी का असेना.

"ते म्हणतायत," नवल म्हणाला, "हा माझा नवल आहे. माझा मुलगा. याच्या मशीनना मीच तेल दिलं. सगळ्यांना दिलं. एकही कोरडी ठेवली नाही."

मेघाने डोळे मिटून घेतले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. वाईट माणूस नव्हता तो. "आज तिकडे काही पूजा असते का?" त्याने विचारलं.

"खंडेनवमी आहे, साहेब."

"बरोबर," तो म्हणाला आणि त्याने कागद पुढे ओढला. "पण मला हे लिहावं लागेल. खोलीत दुसरी व्यक्ती, कंपनीच्या यंत्राचं नुकसान. माझ्या हातात नाही."

पंधरा दिवसांची मुदत मिळाली, तीही मेघाने मागितली म्हणून. सोळाव्या दिवशी पुण्यात हजर.

संध्याकाळी रूपा आली. बघितलं, सगळं ऐकलं, आणि मॉनिटरवरचा झेंडू उचलून तुळशीत टाकून आली. जेवताना तिने एकदाच विचारलं, "अर्धंच सांगितलं असतं तर? मुलगा म्हणाले तेवढं?" नवलने ताट बाजूला सारलं. त्याला ते सुचलंच नव्हतं त्या वेळी. आता मात्र दिवसातून दहादा सुचत होतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. नवल आपट्याचं पान घेऊन आबांच्या पाया पडायला गेला. आबा सरकून बसले. "तुम्ही कोना शेतस, भाऊ?"

मग पंधरा दिवस काय काय केलं नाही त्याने? जळगाव, धुळ्यात चार ठिकाणी कामाला विचारलं, त्याच्या वयाला आणि कामाला जागा नव्हती. रूपाने शाळेत बिनपगारी रजा मागितली, मिळाली नाही. ताईबाई साक्रीहून येऊन दोन दिवस राहिली आणि रडत रडत परत गेली. मेघाने आणखी दोनदा वर विचारून पाहिलं आणि शेवटी फोन करून नुसती "सॉरी हो" म्हणाली. मॉनिटर जागेवरच होते. नवलने त्यांच्यावर चादर टाकली.

धुळ्याला जायच्या दिवशी रूपाने आबांना धुतलेली पैरण घातली. तिलाही तो काळा डाग होताच. गाडीत ते खिडकीशी बसले, वाटेतले विजेचे खांब बघत. नवलही बघत होता. खांब आहे, खांब आहे, खांब कलला आहे. सवय, दुसरं काय.

संस्थेच्या गेटाशी अमृत नावाचा तिथला माणूस उभा होता, हसतमुख. "या बाबा, या," म्हणत त्याने कडी सरकवली. कर्रर्र.

आबा थबकले. नवलच्या हातातून हात सोडवून घेतला. कडीजवळ गेले, बोटाने चाचपली, मान तिरकी करून ऐकली. मग खिशातून कुपी काढली. रूपा पुढे झाली, पण नवलने तिला थांबवलं. आबांनी कडीच्या दोन्ही अंगांना तेल सोडलं, बिजागऱ्यांना सोडलं, कडी मागेपुढे केली, पुन्हा थेंब सोडला, पुन्हा मागेपुढे केली. घाई नाही. अमृत कडी सोडून बाजूला झाला. शेवटी म्हाताऱ्याने पैरणीच्या टोकाने कडी पुसली आणि समाधानाने नवलकडे पाहिलं.

"आते वाजनार नही," ते म्हणाले. "तुम्ही कोना शेतस, भाऊ?"

"इथलाच शे, आबा."

"मंग बरं शे." आणि अमृतचा हात धरून ते आत गेले. नवा माणूस कामावर रुजू व्हायला जातो तसे, इकडेतिकडे बघत.

नवल आणि रूपा रस्त्याकडे वळले. नवल कान देऊन चालत होता. आता वाजेल, आता वाजेल, म्हणून खांदे आवळून चालत होता, कारण ती वाजली की एकदा मोठ्याने रडून घ्यायचं त्याने ठरवलं होतं. कोपऱ्यापर्यंत आले तरी आवाज आला नाही. त्याने वळून पाहिलं. गेट केव्हाच बंद झालेलं होतं.